वावर गहाण ठेवून मंत्री होता येते का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात पत्रांतून आणि व्हॉट्सअपवरून एकाच माणसाबद्दल इतके प्रश्न आले की पूर्ण सदर त्यालाच दिलं. माणूस आहे अमेरिकेचा डग बर्गम. आधी सॉफ्टवेअर कंपनीचा मालक, मग नॉर्थ डकोटा राज्याचा गव्हर्नर, आणि 2025 पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारात इंटिरिअर खात्याचा मंत्री. आपल्याकडच्या पोरांमध्ये त्याची गोष्ट फिरतेय कारण त्यात शेत आहे, कर्ज आहे आणि शेवटी मोठं पद आहे.

प्रश्न : भाऊ नमस्कार. मी आर्णी तालुक्यातला हाव, बीकॉम झालो, घरी सहा एकर कोरडवाहू वावर हाये. मोबाइलवर एक व्हिडिओ पाह्यला, अमेरिकेतल्या कास्तकाराच्या पोरानं वावर गहाण ठेवून कंपनी टाकली, कंपनी विकून मोठा श्रीमंत झाला, मंग गव्हर्नर आन आता मंत्री. मले तुरीची दालमिल टाकाची हाये, त्याच्यासाठी वावर बँकेत ठेवाव म्हनतो पन बाबा आयकतच नाही. त्याईले कसं समजवू? (एक वाचक, आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : राजा, व्हिडिओतली गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. आणि जी अर्धी सुटली ना, तीच तुझ्या बाबांच्या मनात आहे असं मला वाटते, फक्त त्यांना ती मांडता येत नसेल.

बर्गमचा जन्म 1956 चा, आर्थर नावाच्या गावातला, गाव म्हणजे काहीशे लोकांचं. पण घर कोणाचं, ते पाहा. त्याच्या घराण्याचा धंदा होता धान्याच्या एलिव्हेटरचा, 1906 पासूनचा. एलिव्हेटर म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या शेतकऱ्यांचा गहू जिथे येतो, मोजला जातो, साठवला जातो आणि रेल्वेनं पुढे जातो ते उंचच्या उंच गोदाम. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबानं हा कापूस घेऊन जिनिंगच्या गेटवर रात्रभर गाडी लावून बसणाऱ्याचा पोरगा नाही, गेटच्या आतल्याचा पोरगा आहे. यात त्याचा काही दोष नाही, पण व्हिडिओवाला हे सांगत नाही आणि ऐकणारा सहा एकरवाला स्वतःला त्याच्या जागी ठेवून मोकळा होतो.

वडील गेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. आई तिथल्या राज्य विद्यापीठात काम करायची, पुढे तिथेच डीन झाली. पोरगं त्याच विद्यापीठात शिकलं, शिकता शिकता लोकांच्या घरांची धुराडी साफ करायचा धंदा केला, अंगावर काजळी घेऊन छपरांवर चढला, आणि या मेहनतीला माझा मनापासून मान आहे. मग 1980 मध्ये स्टॅनफर्डचं एमबीए, मग शिकागोला मॅकिन्झी कंपनीत सल्लागाराची नोकरी. आणि त्यानंतर 1983 मध्ये वडिलांकडून आलेल्या शेतजमिनीवर अडीच लाख डॉलर उचलून त्यानं ग्रेट प्लेन्स सॉफ्टवेअर या फार्गो शहरातल्या कंपनीत घातले. इथे एक गोष्ट नीट वाच, कंपनी त्यानं काढली नव्हती, ती आधीच सुरू होती, छोट्या धंद्यांचे हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर बनवत होती, तो चालत्या गाडीत बसला आणि मग वर्षभरात ती गाडी स्वतः चालवायला घेतली, पुढे घरच्या लोकांनीही पैसे घातले.

आता विचार कर, ती कंपनी बुडाली असती तर काय झालं असतं? जमिनीचा तो तुकडा गेला असता, वाईट वाटलं असतं, आणि माणूस परत शिकागोला चांगल्या पगारावर लागला असता नाहीतर घरच्या एलिव्हेटरवर बसला असता. तिथे एका शेताची सरासरीच दीड हजार एकराच्या आसपास आहे. तुझे सहा एकर गेले तर तुझ्या बाबांना या वयात दुसऱ्याच्या वावरात रोजीनं जावं लागेल. त्यानं जोखीम घेतली हे खरंच आहे पण दोघांची जोखीम एक नाही, आणि बाबा जेव्हा ऐकत नाहीत तेव्हा ते भित्रे नाहीत, ते खाली काय आहे ते पाहून बोलताहेत.

शिवाय गहाण ठेवलं आणि श्रीमंत झाला यात मधली वर्षं कोणी मोजत नाही. 1983 ला पैसे घातले, 1997 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती 110 कोटी डॉलरला घेतली. मधल्या काळात फार्गोसारख्या थंडीनं गोठणाऱ्या गावात, जिथे सॉफ्टवेअरवाला कोणी फिरकायचा नाही तिथे, त्यानं शेतकऱ्यांच्या पोरापोरींना कामावर घेतलं, शिकवलं, आणि विकल्यावरसुद्धा काम फार्गोतून हललं नाही. मायक्रोसॉफ्टचं मोठं ऑफिस आजही तिथे आहे. मला त्याच्या पूर्ण कारकिर्दीतली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, गव्हर्नर आणि मंत्री होण्यापेक्षाही मोठी. विकल्यानंतर तो 2007 पर्यंत मायक्रोसॉफ्टमध्ये राहिला, तिथे त्याच्या हाताखाली आपल्या हैदराबादचा सत्या नडेला होता, ज्यानं पुढे त्याची जागा घेतली आणि 2014 मध्ये पूर्ण कंपनीचा प्रमुख झाला.

आता तुझ्या दालमिलचं. यवतमाळात तूर भरपूर आहे, कल्पना चुकीची अजिबात नाही. पण पहिलं काम वावर बँकेत नेणं नाही. लहान उद्योगाला ठरावीक रकमेपर्यंतच्या कर्जासाठी (बरीच वर्षं ही मर्यादा 10 लाख होती) बँकेनं तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, शाखेत मॅनेजर काहीही म्हणो, हे त्याला लेखी विचार. सूक्ष्म अन्नप्रक्रियेच्या केंद्राच्या योजनेत खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखापर्यंत अनुदान होतं, कृषी कार्यालयात जाऊन आज ती कोणत्या टप्प्यावर चालू आहे ते विचार. आणि वावर ठेवायचीच वेळ आली तर आधी सातबारा काढून पाहा, त्यावर आत्याचं, बहिणीचं नाव आहे का, कारण 2005 च्या कायदादुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे आणि तिच्या सहीशिवाय तू तिचा हिस्सा गहाण ठेवू शकत नाहीस, ठेवूही नये. अजून एक, शेतजमिनीवर बँकेला सरफेसी कायद्याखाली कोर्टाबाहेर थेट जप्ती करता येत नाही, हे संरक्षण शेतीच्या जमिनीलाच आहे, मिलसाठी तो तुकडा अकृषक केला की ते जाते. म्हणून मिल कोणत्या तुकड्यावर उभी करायची आणि गहाण कोणता ठेवायचा हे वकिलाला विचारल्याशिवाय अंगठा नाही की सही नाही.

बाबांना समजवायचं असेल तर व्हिडिओ दाखवू नको, एक हंगाम दुसऱ्याच्या मिलमध्ये काम करून ये आणि क्विंटलमागे डाळ किती पडते, चुनी किती, लाइटबिल किती, हे कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेव. बर्गमसुद्धा चालत्या कंपनीतच शिरला होता.

प्रश्न : ज्या राज्यातून हा माणूस आला ते नॉर्थ डकोटा कसं आहे? तिथल्या शेतकऱ्याला भाव मिळतो का? आमच्याकडे कापसाच्या भावाची काय गत आहे ते तुम्हाला माहीतच आहे. (एक कास्तकार, कारंजा लाड, जि. वाशिम)

उत्तर : दादा, हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे खूप आभार कारण बर्गमच्या गोष्टीत ही बाजू कोणीच सांगत नाही.

नॉर्थ डकोटा आपल्या विदर्भाच्या जवळजवळ दुप्पट मोठं आहे आणि लोकसंख्या पावणेआठ लाखाच्या आसपास. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत 27 लाखाच्या वर लोक होते. गहू, सोयाबीन, जवस, सूर्यफूल, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत पश्चिमेकडच्या भागात तेलच तेल.

पण शंभर वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्याची तक्रार तुमच्यासारखीच होती. गहू पिकवायचे डकोटात, भाव ठरायचा शेजारच्या राज्यातल्या मिनियापोलिसच्या व्यापाऱ्यांकडे, वजनात मार, ग्रेडमध्ये मार, कर्ज द्यायला बँका बाहेरच्या आणि व्याज मनमानी. तेव्हा जवसाच्या शेतीत पार बुडालेल्या टाउनली नावाच्या एका शेतकऱ्यानं 1915 मध्ये गावोगाव फिरून नॉनपार्टिझन लीग नावाची संघटना उभी केली, घरोघरी जाऊन वर्गणी घेतली, आणि पुढच्याच वर्षी लिन फ्रेझर नावाचा त्यांच्यातला शेतकरी गव्हर्नर म्हणून निवडून आला! 1919 मध्ये त्यांनी राज्याच्या मालकीची बँक काढली, बँक ऑफ नॉर्थ डकोटा, आणि 1922 मध्ये ग्रँड फोर्क्सला राज्याच्या मालकीची पिठाची गिरणी आणि एलिव्हेटर सुरू झालं. विरोधकांनी रान उठवलं, 1921 मध्ये फ्रेझरला मतदारांनी मुदतीआधीच परत बोलावलं, अमेरिकेत असा परत बोलावलेला तो पहिला गव्हर्नर. लीग पुढे ओसरली. पण बँक आणि गिरणी दोन्ही आजही चालू आहेत, राज्याचा सगळा पैसा त्या बँकेत असतो आणि गावातल्या छोट्या बँकांसोबत मिळून ती शेतकऱ्याला, धंदेवाल्याला कर्ज देते.

आणि आता गंमत नाही, खरंच महत्त्वाची गोष्ट सांगतो. त्या बँकेवर आणि गिरणीवर देखरेख करणारं जे तीन जणांचं मंडळ आहे, गव्हर्नर, अॅटर्नी जनरल (म्हणजे राज्याचा मुख्य सरकारी वकील) आणि कृषी आयुक्त, त्याचा अध्यक्ष गव्हर्नर असतो. म्हणजे खासगी धंद्यातून आलेला, एलिव्हेटरवाल्या घरातला बर्गम आठ वर्षं अशा संस्थांच्या डोक्यावर बसला ज्या एलिव्हेटरवाल्यांच्याच विरोधात शेतकऱ्यांनी काढल्या होत्या. आणि त्यानं त्या मोडल्या नाहीत, चालवल्या.

आपल्याकडे 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, हेतू तोच होता, आज तिचं काय उरलं ते तुम्ही पाहताच. मला राहून राहून वाटते की फरक माणसांच्या मेहनतीत नाही, तिथल्या शेतकऱ्यांनी संस्था काढल्यावर शंभर वर्षं तिच्या हिशेबावर नजर ठेवली, सरकारं बदलली तरी ठेवली, आणि आपण चुकारा हाती आला की घरी गेलो. हे बोलणं कडू लागेल पण तुम्ही विचारलं म्हणून मनातलं सांगितलं.

जमिनीबद्दलसुद्धा तिथले लोक फार जागे आहेत. कंपन्यांनी शेती करू नये असा कायदा तिथे 1932 मध्ये मतदारांनीच केला. जून 2016 मध्ये डेअरी आणि वराहपालनापुरती सूट द्यायचा कायदा मतदानाला आला तेव्हा चारपैकी तिघांनी तो पाडला, आणि त्याच दिवशी त्याच मतदारांनी बर्गमला रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी दिली. पुढे 2023 मध्ये बर्गमनं पशुपालनापुरती ही बंदी सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली. लोकांनी इतक्या मोठ्या फरकानं नाही म्हटलेल्या गोष्टीकडे सात वर्षांत परत वळायला नको होतं असं माझं मत आहे.

प्रश्न : आम्ही मुलांना नागरिकशास्त्रात शिकवतो की राज्यपाल नेमला जातो आणि तो नामधारी प्रमुख असतो. मग हा व्यापारी माणूस राज्यपाल म्हणून राज्य कसा काय चालवत होता? (एक शिक्षिका, जि. प. शाळा, आर्वी तालुका)

उत्तर : ताई, तुम्ही शिकवता ते बरोबरच आहे, ते भारताचं आहे. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम 155 प्रमाणे राष्ट्रपती नेमणूक करतात. अमेरिकेत गव्हर्नर लोकांच्या थेट मतांनी निवडून येतो आणि राज्याचा कारभार खरोखर तोच चालवतो, म्हणजे मुलांना सांगताना आपल्या मुख्यमंत्र्याशी तुलना करा, फक्त त्याला विधानसभेत बहुमत दाखवावं लागत नाही.

विदर्भातून राज्यपाल झालेलेही बरेच आहेत. नागपूरचे बनवारीलाल पुरोहित वृत्तपत्राच्या व्यवसायातले, खासदार होते, पुढे आसाम, तामिळनाडू आणि पंजाबचे राज्यपाल झाले. पुसदचे सुधाकरराव नाईक आधी मुख्यमंत्री आणि नंतर हिमाचलचे राज्यपाल. मुलांना जवळची नावं दिली की धडा लक्षात राहते.

प्रश्न : सर मी एमपीएससीची तयारी करतोय. धंदा चालवता आला म्हणजे सरकार चालवता येते असं सगळे म्हणतात. बर्गमच्या बाबतीत ते खरं झालं का? (एक विद्यार्थी, दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : मित्रा, थोडं झालं आणि बरंचसं नाही झालं.

2016 मध्ये तो उभा राहिला तेव्हा आधी कधीच कोणतं पद नव्हतं, साधं नगरसेवकाचंही नाही. पक्षाच्या अधिवेशनानं पसंती दिली वेन स्टेनजेमला, जो बरीच वर्षं राज्याचा अॅटर्नी जनरल होता. बर्गम थांबला नाही, थेट पक्षाच्या मतदारांपुढे प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत गेला आणि जिंकला, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत तीन चतुर्थांशाहून जास्त मतं घेतली. पगार घेतला नाही. तेलाचे भाव पडलेले होते, तिजोरीत खड्डा होता, खर्च कमी केला. 2020 मध्ये परत निवडून आला. हे सगळं त्याच्या खात्यात जमा.

पण कंपनीत मालकानं सांगितलं की होते. सरकारात विधिमंडळ असते, कोर्ट असते. त्यानं काही विधेयकांतले तुकडे तुकडे व्हेटो केले, म्हणजे नकाराधिकार वापरून अडवले, विधिमंडळ कोर्टात गेलं, 2018 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं त्यातले काही व्हेटो चुकीचे ठरवले आणि सोबत विधिमंडळालाही एका बाबतीत हद्दीत राहायला सांगितलं. मग 2020 मध्ये त्यानं जे केलं ते तू नीट अभ्यास. जेफ डेल्झर नावाचा स्वतःच्याच पक्षाचा ज्येष्ठ आमदार, बजेटच्या समितीचा अध्यक्ष, त्याच्याशी गव्हर्नरचं पटत नव्हतं. बर्गमनं स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर एका प्रचारगटात घातले आणि डेल्झर प्रायमरीत पडला. पण त्याच्या जागी जिंकलेला उमेदवार निवडणुकीआधीच कोरोनानं वारला, आणि मतपत्रिकेवर नाव असल्यामुळे तरीही निवडून आला. जागा रिकामी झाली. बर्गम म्हणाला मी माणूस नेमतो, कोर्ट म्हणालं तुला तो अधिकार नाही, स्थानिक पक्ष नेमेल, आणि स्थानिक पक्षानं कोणाला नेमलं? डेल्झरलाच. इतका पैसा, इतकं पद, आणि नियमापुढे काही चाललं नाही. राज्यघटनेत सत्तेची विभागणी कशासाठी असते याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही, मुख्य परीक्षेत वापर.

2023 मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीही उभा होता. पक्षातल्या इच्छुकांच्या चर्चेच्या मंचावर जायला 40 हजार देणगीदार लागत होते, तर एक डॉलर देणाऱ्याला 20 डॉलरचं गिफ्ट कार्ड वाटलं, मंच मिळाला, लोक मिळाले नाहीत, डिसेंबरमध्ये माघार. मला ते पटलं नाही. आपल्याकडे निवडणुकीच्या आदल्या रात्री काय वाटतात ते आपण पाहतो, आणि कायद्यात बसते म्हणून एखादी गोष्ट चांगली होत नाही.

प्रश्न : मी ताडोबाच्या बफरमधल्या गावचा, आता रिटायर आहे. हे इंटिरिअर खातं म्हणजे आपलं गृहखातं का? आणि तेलवाल्या राज्याच्या धंदेवाल्या माणसाकडे जंगल दिलं असं ऐकलं, ते कितपत बरोबर? (एक वाचक, मोहर्ली परिसर, जि. चंद्रपूर)

उत्तर : काकाजी, गृहखातं नाही, पोलिसांशी त्याचा फारसा संबंध नाही. 1849 मध्ये निघालेलं हे खातं अमेरिकेच्या सरकारी जमिनीचं आहे. जवळपास 50 कोटी एकर, देशाच्या एकूण जमिनीचा पाचवा हिस्सा, आपल्या पूर्ण महाराष्ट्राच्या सहा पटीहून जास्त. राष्ट्रीय उद्यानं याच्याकडे, वन्यजीव याच्याकडे, पश्चिमेकडची मोठी धरणं याच्याकडे, सरकारी जमिनीखालचा कोळसा आणि तेल, समुद्रातलंसुद्धा, लीजवर द्यायचं काम याच्याकडे, आणि पाचशेहून जास्त आदिवासी जमातींच्या सरकारांशी संबंधही याच्याकडेच. म्हणजे तुमच्या चंद्रपूर जिल्ह्यापुरतं बोलायचं तर ताडोबाचा वाघ, वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीची खाण, इरईचं धरण आणि गोंड-माडियांच्या जमिनीचा हक्क, चारही फायली एकाच टेबलावर. आपल्याकडे हे वेगवेगळ्या खात्यांत विभागलेलं आहे आणि निदान एक खातं दुसऱ्याला आडवं येऊ शकते. तिथे खाणीची सही करणारा आणि वाघ राखणारा माणूस एकच, म्हणून तिथे कोण बसतो याला इतकं महत्त्व आहे.

30 जानेवारी 2025 ला सिनेटनं 79 विरुद्ध 18 मतांनी बर्गमला मंजुरी दिली. त्याच्यासोबत ऊर्जेच्या एका राष्ट्रीय परिषदेचं अध्यक्षपदही त्यालाच मिळालं, आणि तेल-वायू-कोळसा जास्तीत जास्त काढायचा हे धोरण उघड आहे. तुमची काळजी मी रास्त समजतो. त्याच्या आधी याच खुर्चीवर डेब हालंड होत्या, मंत्रिमंडळात बसलेल्या पहिल्या मूळनिवासी आदिवासी, त्यामुळे दिशा किती बदलली ते लक्षात येते.

पण त्याचा राज्यातला इतिहास दोन्ही बाजूंचा आहे. तो गव्हर्नर झाला तेव्हा स्टँडिंग रॉकच्या आदिवासींचं डकोटा अॅक्सेस पाइपलाइनविरुद्धचं आंदोलन जोरात होतं, त्यांच्या पिण्याच्या पाण्याखालून तेलाचा पाइप जात होता. बर्गम पाइपलाइनच्या बाजूनं होता, फेब्रुवारी 2017 मध्ये मुख्य छावणी रिकामी करण्यात आली आणि जूनमध्ये तेल वाहायला लागलं. त्याच माणसानं पुढे 2019 मध्ये राज्यातल्या पाचही आदिवासी राष्ट्रांचे झेंडे राज्याच्या विधानभवनातल्या आपल्या ऑफिसबाहेर मानानं लावले. 2030 पर्यंत राज्य कार्बनच्या हिशेबात शून्यावर आणायचं असंही 2021 मध्ये जाहीर केलं, तेल बंद करून नाही, धूर जमिनीखाली गाडून. झेंडे लावले हे चांगलं केलं. पण पाण्याच्या प्रश्नावर झेंडा पुरत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली जंगलाचा सामूहिक हक्क भेटला आणि बांबू विकायचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला, तेव्हा खरी गोष्ट घडली, कारण निर्णय गावाचा झाला.

एक जुनं उदाहरण मात्र तुम्हाला सांगावंसं वाटते. 1969 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या मंत्रिमंडळात एक नाही तीन जण असे होते जे आधी धंदेवाले, मग गव्हर्नर, मग मंत्री. मोटार कंपनी चालवलेला मिशिगनचा जॉर्ज रोमनी घरबांधणी खात्यात, बांधकामवाला मॅसॅच्युसेट्सचा जॉन व्होल्पी वाहतूक खात्यात, आणि अलास्काचा वॉल्टर हिकेल याच इंटिरिअर खात्यात. हिकेल दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचा पोरगा, खिशात जवळपास काही नसताना अलास्काला गेला आणि घरं-हॉटेलं बांधून मोठा झाला. निसर्ग जपणाऱ्या लोकांनी त्याच्या नावाला जबरदस्त विरोध केला, सिनेटमध्ये दिवसेंदिवस उलटतपासणी झाली. खुर्चीवर बसतो न बसतो तोच कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बराजवळ समुद्रात तेलाची विहीर फुटली, आणि या धंदेवाल्या माणसानं तेल कंपन्यांवर नियम कडक केले. मे 1970 मध्ये केंट स्टेट विद्यापीठात व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या मुलांवर गोळ्या चालल्या, चार मेली, तेव्हा त्यानं निक्सनला पत्र लिहिलं की सरकार तरुणांचं ऐकत नाही, पत्र पेपरात आलं, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये निक्सननं त्याला काढून टाकलं. मी हिकेलला फार मानतो. त्याची उलटतपासणी झाली, लोक मागे लागले, त्याचाही त्याच्यावर परिणाम झाला असेलच, म्हणून काकाजी तुम्ही प्रश्न विचारता ते विचारत राहा, वनखात्यालाही आणि खाणवाल्यांनाही.

प्रश्न : मी सरपंच आहे. आमच्या ग्रामपंचायतीत एक सदस्य स्वतः ठेकेदार आहे, गावातले सिमेंट रस्ते भावाच्या नावावर घेते. विचारलं तर म्हणते मोठ्या मोठ्या देशात धंदेवाले मंत्री होतात. याला काय उत्तर देऊ? (एक महिला सरपंच, मेहकर तालुका, जि. बुलढाणा)

उत्तर : ताई, त्याला सांगा की होतात, पण धंदा दाराबाहेर ठेवून. अमेरिकेत मंत्री व्हायच्या आधी आपली सगळी मालमत्ता, शेअर, भागीदाऱ्या लिहून द्याव्या लागतात, काय विकणार आणि कशापासून लांब राहणार याचा लेखी करार करावा लागतो, आणि ज्या कामात स्वतःचा किंवा बायकोपोरांचा पैसा गुंतलाय त्या कामात मंत्र्यानं भाग घेणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. बर्गमलाही हे करावं लागलं. गव्हर्नर असताना 2018 मध्ये तो एका वीज कंपनीच्या पाहुणचारात फुटबॉलची मोठी मॅच पाहायला गेला होता, बोंब झाली आणि त्याला पैसे परत भरावे लागले, आणि त्याच वर्षी तिथल्या मतदारांनी मतदान करून राज्यात एथिक्स कमिशनच, म्हणजे पदाधिकाऱ्यांच्या सचोटीवर नजर ठेवणारा आयोगच बसवला.

आणि आपला कायदाही काही कमी नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 14, पोटकलम 1, खंड ग वाचून घ्या. ग्रामपंचायतीच्या कामात किंवा करारात सदस्याचा स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा असेल तर तो सदस्य राहायला अपात्र आहे. भावाचं नाव पुढे केलंय तर पैसा कुठून कुठे गेला ते दाखवावं लागेल, म्हणून आधी कागद गोळा करा, कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिका, बिलं, ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील, ग्रामसभेचे ठराव. सरपंच म्हणून हे सगळं तुमच्याच दप्तरात आहे, ग्रामसेवकाकडून सहीशिक्क्याच्या प्रती घ्या. मग कलम 16 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, सुनावणी तिथे होते आणि निर्णयही तेच देतात. अर्जावर गावातल्या आणखी दोन-तीन मतदारांच्या सह्या घ्या म्हणजे एकट्या तुमच्यावर दबाव येणार नाही.